गुण कशाचे मिळतात?

बारावीच्या अर्थशास्त्राची लेखी परीक्षा ८० गुणांची आणि तीन तासांची असते. तिच्या प्रत्येक प्रश्नामागे परीक्षकाची एक अपेक्षा असते. नागपूर-पुण्याच्या शिकवणी वर्गांत ही अपेक्षा जूनपासूनच फळ्यावर लिहून दिली जाते. नागभीड, तळोधी, सिंदेवाही, ब्रह्मपुरीच्या आसपासच्या गावांतून एसटीने नाहीतर सायकलने कनिष्ठ महाविद्यालयात येणाऱ्या मुलामुलींना ती बहुतेकदा निकाल लागल्यावर कळते, तीही नुसत्या आकड्यातून. तीन तास लिहिले, पुरवणी लावली आणि हाती ४७ आले, तर ते ४७ कशाचे आणि बाकीचे कुठे गेले हे सांगायला कोणी नसते. ही पुस्तिका अशा मुलामुलींसाठी आहे. तिची ओळख करून देण्याआधी या विषयात कोणी कोणाकडून काय अपेक्षा धरायची, याबद्दल मला थोडे सविस्तर बोलायचे आहे.

अर्थशास्त्रात गुण मिळतात ते कारण मांडण्याचे. संकल्पना ओळखायची, तिचे नाव घ्यायचे, ती इथे का लागू पडते ते सांगायचे आणि त्यातून काय घडते ते दाखवायचे. आमच्या भागातल्या मुलाला कारणे ठाऊक असतात. रोवणीच्या दिवसांत मजुरी का चढते, पुंजणे घरी ठेवून धान उशिरा का विकतात, हे त्याला कोणत्याही पुस्तकाआधी कळलेले असते. ते कागदावर उतरवण्याची रीत मात्र त्याला कोणी दाखवलेली नसते. मग तो गाईडमधली वाक्ये पाठ करतो, त्यातली निम्मी परीक्षेच्या खोलीत विसरतो आणि आपल्याला अर्थशास्त्र जमत नाही असे धरून चालतो.

पेपरचा आराखडा आधी पाहू. पहिला प्रश्न २० गुणांचा, सगळा वस्तुनिष्ठ: योग्य पर्याय निवडा, सहसंबंध पूर्ण करा, आर्थिक पारिभाषिक शब्द सुचवा अशा स्वरूपाचा. दुसऱ्यात संकल्पना ओळखून स्पष्ट करणे आणि फरक स्पष्ट करणे, मिळून १२. तिसऱ्यात थोडक्यात उत्तरे, १२. चौथ्यात विधानाशी सहमत की असहमत ते सकारण सांगणे, १२. पाचव्यात तक्ता, आकृती किंवा उतारा देऊन त्यावर प्रश्न, ८. सहाव्यात दोन सविस्तर उत्तरे, १६. बालभारतीचे २०२० साली आलेले पाठ्यपुस्तक सूक्ष्म व स्थूल अर्थशास्त्राच्या परिचयापासून उपयोगिता, मागणी, पुरवठा, बाजाराचे प्रकार, निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न असे करत परकीय व्यापारापर्यंत जाते. पहिल्या प्रश्नाचे २० गुण पाठांतराने मिळतात आणि ते मिळवावेतच, त्यात कमीपणा काही नाही. उरलेल्या ६० गुणांमध्ये मात्र पाठांतर लवकर थकते.

चौथ्या प्रश्नापाशी मी जास्त थांबणार आहे, कारण आमची मुले तिथेच सर्वाधिक गुण गमावतात, आणि विषय खऱ्या अर्थाने सुरू होतो तोही तिथेच. समजा विधान आले, ‘किंमत वाढली की वस्तूची मागणी नेहमी शून्यावर येते.’ विद्यार्थी ‘असहमत’ लिहितो. बरोबर. पुढे तो मागणीचा नियम लिहितो, मग त्याचे अपवाद लिहितो, गिफेन वस्तू लिहितो, प्रतिष्ठेच्या वस्तू लिहितो. पान भरते. विधानाला उत्तर मात्र मिळालेले नसते, कारण इथे नियम विचारलेला नाही, लवचिकता विचारली आहे.

हाच विद्यार्थी चंद्रपूर जिल्ह्यात वाढला आहे. १ एप्रिल २०१५ पासून २०२१ पर्यंत या जिल्ह्यात दारूबंदी होती. शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. बंदीच्या काळात चोरून येणारी बाटली किती महाग झाली होती आणि तरीही कोणाच्या घरात ती येतच राहिली, हे त्याने गावात पाहिले आहे. काही घरांतली सुटली, हेही पाहिले आहे. सवयीच्या वस्तूची मागणी किंमत वाढल्यावर घटते, पण किंमत ज्या प्रमाणात वाढली त्यापेक्षा कमी प्रमाणात घटते, म्हणून ती कमी लवचीक. पाठ्यपुस्तकात लवचिकता ठरवणाऱ्या घटकांमध्ये ‘सवयी’ हा घटक आहेच. त्याने एवढेच लिहायचे असते: विधानाशी असहमत, मागणी किती घटेल हे तिच्या लवचिकतेवर ठरते, सवयीच्या वस्तूंची मागणी कमी लवचीक असते, उदाहरण, बंदीच्या काळातील दारू. चार वाक्ये, सुसंगत, आणि चारही त्याच्या स्वतःच्या समजेतून आलेली. परीक्षकाच्या हाती असे उत्तर आले तर तो गुण का कापेल?

वर्गात हा प्रश्न उलट बाजूने विचारला जातो: ‘सर, गावचे उदाहरण लिहिले तर गुण कापत नाहीत ना?’ ही भीती खरी आहे आणि ती मुलांनी कल्पनेने तयार केलेली नाही. गाईडमधल्या उत्तराशी शब्दाला शब्द जुळला नाही तर गुण कमी देणारे तपासणारे असतात. त्यावर माझे उत्तर असे: संकल्पनेचे पुस्तकातले नाव स्पष्ट लिहा, त्याखाली रेघ मारा आणि मगच आपले उदाहरण द्या. नाव लिहिले नाही तर उदाहरण नुसती गोष्ट होते आणि तपासणाऱ्याला गुण कुठे द्यायचे ते सापडत नाही. नाव लिहिले आणि उदाहरण दिले नाही तर वाक्य पाठ केलेले वाटते. दोन्ही असले की उत्तर उभे राहते.

नागभीडच्या मुलाला उदाहरणांसाठी दूर जावे लागत नाही. याच तालुक्यातल्या नांदेड या गावी दादाजी खोब्रागडे नावाचे अल्पशिक्षित, दीड एकराचे शेतकरी राहत होते. १९८३ साली आपल्या बांधीतल्या ‘पटेल ३’ या धानात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, पुन्हा पुन्हा पेरल्या आणि बारीक, चवदार तांदळाचे एक नवे वाण तयार झाले. त्या काळात लोकप्रिय असलेल्या घड्याळाच्या नावावरून त्याचे नाव पडले एचएमटी. आज हा तांदूळ देशात कितीतरी ठिकाणी खाल्ला जातो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने पुढे हे वाण ‘पीकेव्ही एचएमटी’ म्हणून प्रसारित केले, तेव्हा दादाजींच्या श्रेयाचा प्रश्न उभा राहिला आणि तो बराच गाजला. २०१० साली फोर्ब्सने ग्रामीण भारतातल्या कर्तृत्ववान उद्योजकांच्या यादीत त्यांचे नाव घेतले. ३ जून २०१८ रोजी ते वारले, तेव्हाही परिस्थिती हलाखीचीच होती.

या एका माणसाच्या आयुष्यात बारावीच्या पुस्तकातली किती प्रकरणे बसतात ते पाहा. नव्या वाणाने उत्पादन वाढले की पुरवठा वक्र उजवीकडे का सरकतो? बियाणे एकदा हातोहात पसरले की ते वापरण्यापासून कोणाला थांबवता येत नाही, मग शोध लावणाऱ्याला मोबदला कोणत्या वाटेने मिळायचा? बाजारात साध्या धानापेक्षा बारीक धानाला जास्त भाव का, आणि ग्राहक तो का देतो? वस्तुभेद समजावताना मोबाइल आणि साबणाच्या कंपन्यांची नावे लिहिणारी मुले आपल्याच तालुक्यातल्या या माणसाचे नाव लिहीत नाहीत, कारण ते उत्तरात चालते हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. ही गोष्ट मला फार लागते.

आणखी काही उदाहरणे पुस्तिकेत ठिकठिकाणी आहेत, ती इथे फक्त नोंदवतो. ‘साठा आणि पुरवठा’ हा फरक दरवर्षी विचारण्याजोगा असतो. मळणीनंतर घरच्या कोठीत असलेले सगळे धान हा साठा, आणि आजच्या भावाला त्यातले जेवढे बाजारात नेतो तेवढा पुरवठा. बाजाराच्या प्रकारांत मक्तेदारीयुक्त स्पर्धा शिकवताना झाडीपट्टीची नाटके घ्या. वडशात नाट्यमंडळांची कार्यालये रांगेने आहेत, मंडईच्या किंवा शंकरपटाच्या रात्री एकाच गावात दोन-तीन नाटके लागतात, प्रत्येकाचे कलावंत वेगळे, जाहिरातीचा खर्च वेगळा, तिकीट मात्र जवळपासचेच. विक्रेते अनेक आणि प्रत्येकाची वस्तू थोडी निराळी, ही व्याख्या याहून चांगली दाखवता येत नाही. लहान जमीनधारणेवर लिहायचे असेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९१८ सालचा निबंध आठवा. शेताचा तुकडा नुसता मोजून तो लहान की मोठा हे ठरत नाही, त्या तुकड्यावर भांडवल आणि अवजारे किती लागली आणि शेतीतल्या जादा हातांना दुसरीकडे काम आहे का हे पाहावे लागते, असे त्यांनी तेव्हा मांडले होते. बांधीवर राबणाऱ्या कुटुंबाला ते आजही तपासून पाहता येते.

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा तर सगळ्यांना माहीत असते, पण उत्तरात येते ते ‘आदर्श गाव’ म्हणून. अर्थशास्त्राच्या नजरेने तिथला मुद्दा वेगळा आहे. जंगलातला बांबू विकण्याचा हक्क एकट्या वनखात्याकडे होता तेव्हा किंमत कोण ठरवत होते? २०११ मध्ये वाहतूक परवान्याचे अधिकार ग्रामसभेकडे आल्यावर ती कोण ठरवू लागले? एकमेव विक्रेत्याच्या जागी दुसरा विक्रेता आला की सौदा करण्याची ताकद कशी बदलते, हा चार गुणांचा चोख मजकूर आहे.

आकृती आणि गणिते यांच्याकडे आमच्याकडे फार दुर्लक्ष होते, म्हणून पुस्तिकेत त्यांना मोठी जागा दिली आहे. अक्षांना नावे नसलेली आकृती म्हणजे पत्ता न लिहिलेले पत्र. ते कितीही सुंदर लिहिले असले तरी पोचत नाही. क्ष अक्षावर मागणीची नगसंख्या, य अक्षावर किंमत, वक्राला नाव, खाली आकृतीचे शीर्षक आणि दोन ओळींत स्पष्टीकरण, एवढे पूर्ण असल्याशिवाय आकृती काढली असे म्हणू नये. निर्देशांकाच्या उदाहरणात सूत्र लिहा, किमती मांडा, मग भागाकार करा आणि उत्तराचा अर्थ एका वाक्यात सांगा. साधारण धानाचा हमीभाव २०२३-२४ मध्ये क्विंटलला २,१८३ रुपये होता, २०२५-२६ साठी तो २,३६९ रुपये जाहीर झाला. पहिले वर्ष आधारवर्ष धरले तर निर्देशांक १०८.५२ येतो. म्हणजे दोन वर्षांत हमीभाव सुमारे साडेआठ टक्क्यांनी वाढला. हे शेवटचे वाक्य मुले लिहीत नाहीत. आकडा काढून थांबतात. खरे तर त्या वाक्याने घरी एक चर्चा सुरू होऊ शकते: खत, मजुरी आणि मळणीयंत्राचे भाडे याच दोन वर्षांत किती टक्क्यांनी वाढले? तो निर्देशांक काढा आणि शेजारी ठेवा.

आता अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांविषयी, आणि हे मी शिक्षक बंधू-भगिनींना उद्देशून लिहितो आहे. हे गुण आपल्या हाती असतात. कित्येक ठिकाणी ते सरसकट १८, १९, २० असे दिले जातात, प्रकल्प एकमेकांच्या वह्यांतून उतरवलेले असतात आणि त्यावर सही होते. यामागे मुलांविषयीची माया असते हे मला समजते. लांबून येणारे, घरी काम करून शिकणारे लेकरू नापास होऊ नये असे कोणाला वाटत नाही? पण सगळ्यांना १९ दिले की त्यातल्या ज्या मुलीने खरोखर काम केले तिला काहीच मिळाले नाही, आणि ज्याने उतरवले त्यालाही आपण काय शिकायला हवे होते ते कळले नाही. लेखी परीक्षेत त्याला ३२ मिळतात तेव्हा धक्का त्यालाच बसतो. कडक तपासणी आणि आस्था यांत मला विरोध दिसत नाही. वहीवर लाल शाईने ‘इथे कारण राहिले’ असे लिहून १३ देणे आणि दुरुस्त करून आणल्यावर १६ देणे, ही माझ्या मते जास्त मोठी माया आहे.

प्रकल्पासाठी विषय शोधायला लागू नयेत इतके ते इथे समोर आहेत. अकरावी संपून बारावी सुरू होण्याआधीच्या मे महिन्यात कितीतरी घरे तेंदूपानाच्या कामाला जंगलात जातात. आपल्याकडे ७० पानांचा एक पुडा धरतात. घरातल्या किती जणांनी किती दिवस, किती तास काम केले, किती पुडे झाले, शेकड्याला काय दर मिळाला, तासाला मजुरी किती पडली, आणि त्याच दिवसांत दुसरे कोणते काम मिळाले असते, याची नोंद एका वहीत ठेवली तर संधीखर्चावरचा उत्तम प्रकल्प तयार होतो. मार्च-एप्रिलमधल्या मोहफुलांचे तसेच. वेचताना भाव काय होता, पावसाळ्यात तेच फूल कोणत्या भावाने विकले गेले, मधला फरक कोणाच्या खिशात गेला. नागपूर-नागभीड ही छोट्या रुळांची गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. तिच्यावर अवलंबून असलेल्या भाजीवाल्या बायांचा आणि किरकोळ व्यापाऱ्यांचा वाहतूक खर्च किती वाढला, हे त्यांना विचारून लिहिलेली चार पाने कोणत्याही छापील प्रकल्पापेक्षा मोलाची आहेत. अशा कामाला २० पैकी २० द्यावेत आणि मनापासून द्यावेत.

गुण कसे तयार होतात यावर त्यांचा अर्थ ठरतो, हे २०२१ साली सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. करोनामुळे बारावीची परीक्षा रद्द झाली. दहावीचे ३० टक्के, अकरावीचे ३० टक्के आणि बारावीच्या वर्षातल्या कामाचे ४० टक्के असे सूत्र ठरले आणि निकाल लागला ९९.६३ टक्के. पुढच्या वर्षी लेखी परीक्षा झाली तेव्हा तो ९४.२२ टक्के होता आणि २०२३ मध्ये ९१.२५. त्या वर्षीच्या मुलांना कमी लेखण्यासाठी मी हे सांगत नाही. त्यांनी फार कठीण काळात शिक्षण टिकवले. पण त्या वर्षी ज्या महाविद्यालयांत चाचण्यांच्या वह्या नीट तपासून ठेवलेल्या होत्या त्यांना मुलांचे गुण सांगता आले, आणि जिथे नव्हत्या तिथे ते अंदाजाने भरावे लागले. रोजच्या तपासणीची किंमत तेव्हा कळली.

अमेरिकेत हायस्कूलच्या शेवटच्या वर्षांत ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ नावाचे वरच्या पातळीचे अभ्यासक्रम असतात. अर्थशास्त्राचे त्यात सूक्ष्म आणि स्थूल असे दोन स्वतंत्र पेपर आहेत आणि निकाल १ ते ५ या श्रेणीत लागतो. तो अभ्यासक्रम आपल्यापेक्षा श्रेष्ठ आहे असे मी म्हणत नाही. तिथली एक पद्धत मात्र उचलण्याजोगी आहे. परीक्षा झाली की लेखी प्रश्नांचा गुणदान-आराखडा जाहीर करतात: कोणत्या विधानाला एक गुण, अक्षांना नावे दिल्याबद्दल गुण कुठे, कारण सांगितल्याबद्दल कुठे. सोबत विद्यार्थ्यांची खरी उत्तरे आणि त्यांना मिळालेले गुणही ठेवतात. कोणत्याही गावातल्या मुलाला ते वाचता येते. आपल्या बाजूने आम्ही या पुस्तिकेत तेवढेच केले आहे. सराव परीक्षांसाठी आम्ही वापरतो ती गुणांची वाटणी प्रत्येक प्रश्नप्रकारासाठी दिली आहे. ती मंडळाची अधिकृत वाटणी नव्हे, आमच्या अनुभवावरून केलेली आहे, हे ध्यानात ठेवावे. उदाहरणार्थ सहमत-असहमतच्या चार गुणांपैकी एक भूमिकेला, एक संकल्पनेच्या नावाला आणि दोन कारणाला. प्रत्येक प्रकारात दोन उत्तरे शेजारी शेजारी छापली आहेत, एक दोन गुणांचे आणि एक चार गुणांचे. दोन गुणांचे उत्तर आधी वाचा, त्यात काय कमी आहे ते पेन्सिलीने लिहा आणि मगच दुसरे पाहा.

भाषेविषयी एक गोष्ट. आमची मुले घरी झाडीबोली बोलतात आणि पेपर प्रमाण मराठीत लिहितात. त्यामुळे पारिभाषिक शब्द त्यांना दुप्पट परके वाटतात. सीमान्त, समुच्चय, अल्पाधिकार, अवमूल्यन हे शब्द पाठ केल्याशिवाय गत्यंतर नाही आणि ते शुद्धच लिहिले पाहिजेत. पण त्या शब्दापर्यंत जाण्याचा विचार घरच्या बोलीत करायला काहीच हरकत नाही. वर्गात एखादी मुलगी आपल्या बोलीत बरोबर कारण सांगत असेल तर तिला मध्येच अडवून ‘शुद्ध बोल’ म्हणू नये. आधी कारण पूर्ण होऊ द्यावे, मग तिच्याबरोबर ते पुस्तकी शब्दांत बसवावे. पुस्तिकेच्या शेवटी दिलेल्या शब्दसूचीत याच हेतूने प्रत्येक संज्ञेसमोर शेतातले, बाजारातले किंवा जंगलातले एक उदाहरण दिले आहे.

शेवटचे प्रकरण निकालानंतरचे आहे, आणि ते मी मुद्दाम घालायला लावले. मंडळाकडून गुणपडताळणी करून घेता येते, ठरलेले शुल्क भरून उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवता येते आणि ती पाहिल्यावर पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करता येतो. आपल्या भागातली फार थोडी मुले ही वाट धरतात. शुल्क, अर्जाची मुदत, ‘आता काय उपयोग’ ही भावना, सगळीच कारणे असतात. गुण वाढोत न वाढोत, स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका हातात येणे हे बारावीचे फार मोठे शिक्षण आहे. कुठे रेघ ओढली, कुठे अर्धा गुण दिला, कोणत्या पानावर परीक्षक थांबला, ते दिसते. महाविद्यालयांनी दरवर्षी निदान काही मुलांचे शुल्क भरून अशा प्रती मागवाव्यात, त्यांच्या परवानगीने नाव झाकून पुढच्या तुकडीला दाखवाव्यात. पुस्तिकेची पुढची आवृत्ती काढताना आम्हाला अशाच प्रती हव्या आहेत. ज्यांनी मागवल्या असतील त्यांनी त्या आपल्या अर्थशास्त्राच्या सरांकडे किंवा मॅडमकडे द्याव्यात. पाच गुणांचे उत्तर असो वा शून्याचे, दोन्ही चालतील.